पाच हातांचा कार्बन

आण्णा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी परत आले, त्याच उन्हाळ्यात माझा दहावीचा निकाल लागला. शाळेत मी पहिली आले होते. आण्णांची काळी ट्रंक अजून पुरती रिकामी झाली नव्हती, तोवर त्यांनी ठरवून टाकलं की पोरगी डॉक्टर होणार. आईनं चुलीवरची भाकरी उलटत एवढंच विचारलं, "तिला इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? मार्कं बोलत्यात की."

मलाही तसंच वाटत होतं. मला कुणी ढकललं असं आज म्हटलं तर ते खरं होणार नाही. गळ्यात स्टेथोस्कोप घालून गावात फिरणारी मी मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसायची.

आमच्याकडं अकरावी-बारावीची एक रीत पडून गेली आहे. नाव खेड्यावरच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात घालायचं आणि शिकायला शहरातल्या क्लासला जायचं. कॉलेजचं तोंड परीक्षेला आणि प्रॅक्टिकलला बघायचं. मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. क्लासमध्ये चाचणीच्या मार्कांवर बॅच ठरायची. मी सुरुवातीला वरच्या बॅचमध्ये होते.

अकरावीच्या दिवाळीनंतर ऑर्गॅनिक सुरू झालं. केमिस्ट्रीचे सर शिडशिडीत, बोलायला भरधाव. पहिल्याच तासाला म्हणाले, "बाकीचं विसरलात तर मी आहे. हे विसरलात तर कुणी नाही." मग त्यांनी फळ्यावर इंग्रजी सी काढला आणि त्याला चार रेघा मारल्या. कार्बनला चार हात असतात. चारही हात कुणाच्या ना कुणाच्या हातात असले पाहिजेत. तीन चालत नाहीत, पाच चालत नाहीत.

आण्णांना संध्याकाळी दिवसाचा अहवाल लागायचा. पलटणीतली सवय. मी त्यांना चार हातांचं सांगितलं, तर ते म्हणाले, "असं तोंडी न्हाई, दाखव." आईनं उसळीसाठी हरभरे आणि वाटाणे भिजत घातले होते. आण्णांनी खराट्याच्या काड्या मोडून आणल्या. हरभरा म्हणजे कार्बन, वाटाणा म्हणजे हायड्रोजन, आणि ऑक्सिजन म्हणून शेंगदाणा. आम्ही पडवीत मांडी घालून मिथेन केला, इथेन केला. मग मी त्यांना एक गंमत दाखवली. दोन हरभरे, सहा वाटाणे, एक शेंगदाणा. एका तऱ्हेनं टोचले तर दारूतलं अल्कोहोल होतं, आणि शेंगदाणा दोन हरभऱ्यांच्या मधे बसवला तर भलताच एक गॅस.

आण्णा दोन्ही हातांत दोन सांगाडे धरून बघत राहिले. "सामान तेवढंच?"

"व्हय."

"म्हंजी मानसं तीच, पर कोन कुनाच्या शेजारी उभा ऱ्हायला त्याच्यावर समदं." ते बराच वेळ हसत होते. सैन्यातून आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी उसळ कमी पडली आणि आई आमच्या दोघांवर रागावली.

रचना मला येत होती. नावं द्यायला येत होती. लांबलचक साखळी दिली तरी कुठून मोजायला सुरुवात करायची ते मला कळायचं. म्हणून बारावीत काय झालं ते मला बरेच दिवस उमगलंच नाही.

बारावीत कन्व्हर्जन आली. एक पदार्थ दिलेला असतो, दुसरा करायचा असतो. मधल्या पायऱ्या आपण लिहायच्या. सर फळ्यावर बाण काढत जायचे आणि प्रत्येक बाणावर एखादं रसायन लिहायचे. त्यांनी लिहिलं की सगळं पटायचं. स्वतः लिहायला बसलं की पहिल्या बाणाशीच हात थांबायचा. इथं हेच रसायन का, दुसरं का नाही, हे मला दिसायचं नाही. शेजारच्या मुली सरसर लिहीत असायच्या. मी एकदा हात वर करून विचारलं. सर म्हणाले, "इलेक्ट्रॉन कुठं जास्त आहेत ते बघ, मग आपोआप दिसेल." मी बघितलं. कागदावर मला रेघा आणि अक्षरं दिसली.

मग मी पाठ करायला लागले. एसटीत, जेवताना, नळावर हंडा भरताना. पाठ केलेल्याचा धर्म असा की ते जसं विचारलं तसंच येतं, जरा फिरवून विचारलं की जातं. क्लासचे पेपर फिरवूनच विचारायचे.

आण्णांनी ते ओळखलं. त्यांनी सैन्यात नकाशा वाचनाचा कोर्स केला होता आणि त्यात ते चांगले होते असं ते सांगायचे. रविवारी ते माझ्यासमोर बसले. "हे बघ, आपन हितं हाय. पोचायचंय तितं. मधी नदी हाय, डोंगर हाय. मग शेवटाकडनं मागं यायचं. तितं पोचायच्या आदी कुठं असाय पायजे? त्याच्या आदी कुठं?"

सरही अगदी हेच सांगायचे, मागून पुढं या म्हणून. मी आण्णांना अल्कोहोलपासून तीन कार्बनचं आम्ल करायचं गणित दिलं. मूळ पदार्थात कार्बन दोनच, म्हणजे वाटेत एक वाढवायचा. ते अर्धा दिवस त्यावर बसले. जनावरांना वैरण टाकून आले आणि पुन्हा बसले. शेवटी त्यांनी जे काढलं ते त्यांच्या सुबक अक्षरात, पट्टीनं रेघा मारून काढलेलं होतं. बघितल्याबरोबर ते बरोबर वाटत होतं. मी ते तसंच उतरवून दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं.

सरांनी कागद वर्गाला दाखवला. "या कार्बनला हात किती, मोजा बरं. पाच. हा कुठल्या देवळातला कार्बन आहे?" वर्ग हसला. मीही हसले. वाढवायचा कार्बन आण्णांनी सरळ आधीच भरलेल्या कार्बनला नेऊन चिकटवला होता. मला वाईट याचं वाटलं की ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पहिल्या तासाला शिकलेली गोष्ट होती ती.

घरी आल्यावर आण्णांनी विचारलं, "काय म्हनलं सर?"

"चुकलंय म्हणाले. मधे एक वाढीव हात आलाय."

त्यांनी कागद घेतला, बोटानं हात मोजले. "व्हय की," म्हणाले. मग पुढं म्हणाले, "उद्या दुसऱ्या वाटंनं बघू." आम्ही दुसऱ्या वाटेनं बघितलं, तिसऱ्या वाटेनं बघितलं. त्या हिवाळ्यात आमच्या पडवीत दोन माणसं रोज एक गोष्ट न समजता बसून राहायची. आई मधूनच चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

माझी बॅच खाली गेली, मग अजून खाली. आण्णा एकदा न सांगता साताऱ्याला क्लासमध्ये आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. मला ऑफिसात बोलावलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. सर वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "काका, तिला ऑर्गॅनिक सोडून द्यायला सांगा. बायोलॉजीवर भर देऊ दे. सगळ्यांनाच सगळं जमत नाही."

"सोडून कसं चालंल, सर? वाट मधनंच तुटती."

"मग तिला वेळ लागेल. आणि वेळच तर नाहीये."

परत येताना आण्णा एसटीत खिडकीबाहेर बघत होते. रहिमतपूरचा फाटा गेल्यावर म्हणाले, "त्यांनी असं बोलाय नगं हुतं तुज्यासमोर." मला मात्र हायसं वाटलं होतं. कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मी माझ्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत मी तोवर दोनदाच पाऊल टाकलं होतं. पदार्थ ओळखायचा होता. एका परीक्षानळीत पांढरट खडे दिलेले, त्यात कोणता गट आहे ते शोधायचं. मी पुस्तकात वाचलं होतं तसं केलं. पाण्यात विरघळवलं, फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. जांभळा रंग यायला हवा होता. पाणी चहाच्या गाळासारखं झालं.

प्रयोगशाळेतले मामा नळ्या धुवत फिरत होते. माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुजा फिनॉल हाय. जांभळा आला म्हनून लिही."

"मामा, पण नाही आला."

"बाटली लय जुनी हाय, पोरी. बाहेरचं सर च्याला गेल्यात, तवर लिहून घे."

सगळेच लिहीत होते. मी लिहिलं, गडद जांभळा रंग दिसला. मग त्या नळीकडं बघत उभी राहिले. मला वाटलं, या विषयाचं आणि माझं जे काही आहे ते असंच आहे. पुस्तकातलं माझ्या हातात आलं की मातकट होतं. ओरल घ्यायला आलेल्या सरांनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि जा म्हणाले. बोर्डात मला त्या विषयात चांगले मार्क पडले. मेडिकलच्या नीट परीक्षेत मात्र मी फार मागं राहिले.

निकालाच्या दिवशी आण्णा उठून बाहेर गेले आणि आले ते सांगलीच्या एका क्लासचं पत्रक घेऊनच. रिपीटरची बॅच. तिथं ऑर्गॅनिक लय चांगलं शिकवतात, असं त्यांच्या पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. आई म्हणाली, "आवं, तिचं तोंड बघा की जरा." आण्णांनी बघितलं. मी म्हटलं, "जाते मी." दुसरं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला मुलींचं वसतिगृह होतं. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं आणि एक खिडकी, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. माझी सोबतीण जतकडची होती. मेंढपाळाचं घर. तिचे आईवडील वर्षातले कित्येक महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे, त्यामुळं तिचा त्यांना फोन कधी लागायचा, कधी नाही. ती माझ्याहून मोठी होती आणि नीटची परीक्षा तिनं माझ्याहून जास्त वेळा दिली होती. मी तिला अक्का म्हणायची.

अक्काला ऑर्गॅनिक यायचं. नुसतं यायचं नाही, ती गणित वाचता वाचता उत्तर लिहायची, जणू भिंतीपलीकडचं तिला दिसत होतं. ती अडायची फिजिक्समध्ये, आणि तेवढ्यानंच दरवर्षी मागं पडायची. मी तिला एकदा म्हटलं, "तुला एवढं येतं, तर वाईट नाही वाटत?"

ती केस विंचरत होती. "आदी वाटायचं. आता काय वाटतच न्हाई. सकाळी उटायचं, क्लासला जायाचं. घरी गेलं तरी काय, घरी कोन हाय?"

आण्णांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. जेवलीस का, पाणी उकळून पितीस का, आणि मग, "आज कुठली रिॲक्शन?" मी सांगायची. ते तिकडं कागदावर लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "थांब, थांब, कुनाचा हात कुनी सोडला?" काही दिवसांनी मी त्रोटक सांगायला लागले. मग म्हणायला लागले, "आण्णा, आज लय डोकं दुखतंय, उद्या सांगते." ते म्हणायचे, "बरं बरं, झोप." पण लगेच फोन ठेवायचे नाहीत.

पावसाळा संपता संपता एका रविवारी दुपारी अक्का माझ्या खाटेवर येऊन बसली. मी एका कन्व्हर्जनवर सकाळपासून अडले होते. तिनं पेन काढून घेतलं. "तू रसायन पाठ करतीस, म्हनून अडतंय. रसायन सोड. हितं बघ. ह्याच्यापाशी जास्त हाय, ह्याच्यापाशी कमी हाय. जास्तीकडनं कमीकडं बाण. पानी उताराला जातंय का न्हाई? तसंच. दुसरं काय न्हाई ह्यात."

तिनं एक करून दाखवलं. मग दुसरं माझ्याकडून करून घेतलं. आणि काय झालं कोण जाणे, मला दिसायला लागलं. खरंच दिसायला लागलं. हा का सोडतो, तो का धरतो. मी एकामागून एक गणितं करत गेले. ज्याच्यावर आण्णांनी आणि मी हिवाळाभर डोकं आपटलं होतं, तेही झालं. आधी एक हात मोकळा करायचा, मग त्या मोकळ्या हाताला नवा कार्बन द्यायचा, एवढंच होतं त्यात. संध्याकाळी आण्णांचा फोन आला तेव्हा मी न विचारता सगळं सांगितलं. पलीकडं कागदावर पेनाची खरखर ऐकू आली. मग म्हणाले, "म्हंजी जागा रिकामी केल्याबिगर कोन बसनार. एवढं साधं हुतं, बाळा?"

"व्हय, आण्णा."

"झालं तर मग. आता काय भ्यायचं न्हाई."

तो दिवस खरा होता. पण त्या आठवड्यातल्या चाचणीला बसले, घड्याळाकडं बघितलं आणि सगळं पुन्हा अक्षरं आणि रेघा झालं. अक्का म्हणाली, तुझं भ्यायचं कमी कर. ते माझ्या हातात नव्हतं. खोलीत जमायचं, परीक्षेच्या हॉलमध्ये जमायचं नाही. पुढं पुढं खोलीतही जमेनासं झालं. डिसेंबरात मी वह्या उघडून नुसती बसायची. अक्का मला हाक मारायची आणि मला ती दुसऱ्या हाकेला ऐकू यायची. जेवण जाईना. मेसच्या मावशी म्हणाल्या, "घरी जाऊन ये चार दिवस." मी गेले नाही. घरी पडवी होती आणि पडवीत आण्णा होते.

दुसऱ्या निकालात माझे मार्क पहिल्या खेपेपेक्षा कमी आले. अक्काचे वाढले होते, तरी पुरेसे झाले नव्हते. वसतिगृह सोडताना ती म्हणाली, "मी अजून एकदा देनार." मी विचारलं, "कशाला गं?" तिनं खांद्याला पिशवी अडकवली. "मग काय मेंढरामागं जाऊ? ते बी आता इसरलंय." नंतर काही महिने आमचा फोन होत राहिला. मग तिचा नंबर बंद झाला. तिचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

गावी आल्यावर दोन दिवस आण्णा माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उसाला पाणी सुरू होतं. मी त्यांचा डबा घेऊन गेले. बांधावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, "लातूरला एक क्लास हाय म्हनं. मी चौकशी केलीया."

"आण्णा, मी नाही देणार आता."

"आनखी एकदाच. तुला आलं हुतं की. तू सांगितलंस न्हवं मला फोनवर, समदं सांगितलंस."

"एक दिवस आलं होतं."

"एक दिस येतंय म्हंजी येतंय. नेम एकदा लागला की बार परत परत लागतोय."

"नाही लागत. मी दमले."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते पाटातल्या पाण्याकडं बघत राहिले. एका सरीला पाणी भरून दुसरीकडं फुटत होतं, तरी ते उठले नाहीत. मग अगदी साध्या आवाजात, मला विचारल्यासारखं म्हणाले, "मग मी आता काय करू?"

तोवर मला कधी कळलंच नव्हतं की सैन्यातून आल्यावर त्या माणसाला सकाळी उठायला माझ्या अभ्यासाशिवाय दुसरं कारण उरलं नव्हतं. ऊस आपला आपण वाढतो. मी फावडं घेतलं आणि फुटलेली सरी बांधली. ते बसून राहिले होते.

त्या वर्षी मी साताऱ्यात बीएस्सीला प्रवेश घेतला. ज्या विषयाला जागा होत्या त्यात केमिस्ट्री होती, म्हणून केमिस्ट्री. पास होत होत डिग्री झाली. आता मी फलटणच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी केमिस्ट आहे. रसाचे नमुने येतात, त्यांतली साखर तपासायची आणि आकडा लिहायचा. यंत्रात रस घालायचा आणि आकडा वाचायचा. डोकं लावावं लागत नाही. गाळप संपलं की घरी, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. आई लग्नाचं बोलते. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

आण्णा साताऱ्यात एका बँकेच्या दारात सिक्युरिटीला आहेत. सकाळी बूट पॉलिश करून एसटीनं जातात. आमच्यात बोलणं नाही असं नाही. पाण्याची पाळी, आईचे गुडघे, शेजारच्यांचं भांडण, हे सगळं बोलतो. अभ्यासाचा विषय आम्ही दोघांनीही परत काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतले एक काका आले होते. त्यांची मुलगी दहावीला चांगली पास झाली होती. ते आण्णांना म्हणाले, "तुमास्नी ह्यातलं समदं ठावं हाय. तुमच्या पोरीचं तुमीच केलंय. कुठला क्लास धरू, सांगा की."

आण्णांनी कपातला चहा संपवला. "मला न्हाई बा त्यातलं काय कळत," ते म्हणाले, आणि कप उचलून आत घेऊन गेले. काका माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना दोन-तीन क्लासची नावं सांगितली.